पागेतले प्रश्न: चावरं शिंगरू, न सापडणारी घोडी आणि रात्रीची पोटदुखी

यावेळी पत्रं भरपूर आलीत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यामुळे सारख्या प्रश्नांतला एकेकच घेतलाय. आणि एक आधीच सांगून ठेवते, बऱ्याच जणांनी "ट्रेनिंग कधीपासून सुरू करू" असं विचारलंय, तर ते घोडा दारात आला त्याच दिवशी सुरू झालंय. तुम्ही पाणी ठेवता, दार उघडता, खरारा करता, त्या सगळ्यातून तो शिकतच असतो, फक्त तुम्हाला हवं तेच शिकतो असं नाही. खाली हे दोन-तीनदा येणार आहे, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, आमचं शिंगरू चार महिन्यांचं आहे, नर आहे. आधी नुसतं कपडे ओढायचं तेव्हा सगळे हसायचे, मुलं हातावर खाऊ ठेवून द्यायची. आता दंडाला करकचून चावतं. तोंडावर चापट मारली की मागे सरून परत येतं, त्याला उलट मजा वाटते असं दिसतंय.

उत्तर: मजाच वाटतेय त्याला. नर शिंगरं आपापसात अशीच खेळतात, एकाने तोंड घालायचं, दुसऱ्याने मान झटकायची, परत पहिल्याने. तेव्हा तुमची चापट ही त्याच्या हिशोबात शिक्षा नाहीच, तो पुढचा डाव आहे. शिवाय तोंडावर मारत राहिलात तर काही दिवसांनी हात नुसता वर गेला तरी मान फेकायला लागेल, मग म्होरकी चढवताना आणि पुढे लगाम घालताना रोज बोंब.

हातावर खाऊ देणं आजपासून बंद. घरातल्या सगळ्यांचं, पाहुण्यांचं पण. द्यायचंच असेल तर बादलीत टाका. मग जरा लक्ष देऊन बघा की चावायच्या आधी तो काय करतो. वरचा ओठ लांबट होऊन हलायला लागतो, नाक तुमच्या बाहीकडे वळतं, मान थोडी आखडते, आणि मग दात. हे सगळं मिळून एक-दोन सेकंदात होतं पण होतं नक्की. नाक वळलं की तेव्हाच कोपर बाहेर काढून निवांत उभं राहा, त्याचं तोंड कोपरावर आपटू दे. तुम्ही मारलं नाही, ओरडला नाही, तोच येऊन आपटला, यात खेळण्यासारखं काही उरत नाही. तरीही घुसत असेल तर त्याच्या छातीकडे एक पाऊल टाकून त्याला मागे सरकवा, आणि तो सरकला की तुम्ही लगेच थांबा. लगेच म्हणजे लगेच, तिथे उशीर केला तर सगळं फुकट.

आणि मान खाली घालून शांत उभा असेल तेव्हा आयाळ संपते तिथे जो उंचवटा असतो ना, तिथे बोटांनी खसाखसा खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि तिथे खाजवलं की त्यांचे हृदयाचे ठोके कमी होतात हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे खाऊशिवाय द्यायला तुमच्याकडे बक्षीस आहे.

एक मात्र विचारायचं राहतं, त्याच्यासोबत आईशिवाय दुसरं कोणी आहे का? मोठ्या घोड्यांत वाढलेल्या शिंगराला हद्द कुठे संपते ते घोडेच शिकवतात आणि आपल्यापेक्षा फार चांगलं शिकवतात. माणसांनी बाटलीवर वाढवलेली, लाडावलेली शिंगरं मोठेपणी सगळ्यात अवघड जातात, कारण चारशे किलोचा घोडा तुमच्या अंगावर हक्काने चढायला बघतो तेव्हा ते कुणालाच गोड वाटत नाही. सहा महिन्यांच्या आसपास दूध तोडाल तेव्हाही त्याला एकटं कोंडू नका, आणि पुढे पैदास करायची नसेल तर खच्ची कधी करायचं ते आत्ताच डॉक्टरांशी बोलून ठेवा, बरेच जण वर्षाच्या आसपास करतात.

प्रश्न: आमची घोडी एरवी गुणी आहे पण रानात सोडली की हाती लागत नाही. बादली दाखवली की यायची, आता तेही नाही. दोघं-तिघं मिळून कोपऱ्यात घेरतो तेव्हा कुठे सापडते. कधी कधी यात पाऊण तास जातो.

उत्तर: आधी घेरणं थांबवा. कोपऱ्यात कोंडलेल्या घोडीकडे दोनच रस्ते उरतात, एक तुमच्यातल्या कुणाच्या तरी अंगावरून आणि दुसरा कुंपणावरून, आणि नसेल जायचं तर दुगाण्या आहेतच. आत्तापर्यंत कुणाला लागलं नाही हे नशीब.

आता तिच्या बाजूने बघा. तुम्ही रानात येता म्हणजे काय होतं? दावं लागतं, चरणं बंद, खोगीर, काम. रोज हेच. बादली दाखवून पाठीमागे दावं लपवायची युक्ती प्रत्येक जण करतो आणि ती थोडेच दिवस चालते, कारण बादलीमागे काय असतं ते घोडीला तुमच्याआधी कळतं.

मग हे करून बघा. हातात दावं उघड धरून जा, लपवू नका. सरळ तिच्या तोंडाकडे जाऊ नका, तिरकं, खांद्याच्या दिशेने चाला, रमतगमत, डोळे तिच्यावर रोखून नाही. लांबूनच तिचा एक कान तुमच्याकडे वळेल, मग चरणं थांबेल, मग मान वर. मान वर आली की तुम्ही थांबा आणि पाठ फिरवून दोन पावलं लांब जा. हो, लांबच जा. बघणाऱ्याला वेडेपणा वाटेल पण तिच्यासाठी याचा अर्थ असा की मी थांबून बघितलं तर दडपण कमी होतं. ती परत चरायला लागली की परत जरा जवळ. ती चालायला लागली तर तुम्हीही मागे मागे चालत राहा, पळवू नका, आणि ती थांबून तुमच्याकडे वळली की तुम्ही पण थांबा, नजर काढा. पहिल्या दिवशी हे लांबेल, नंतर वेळ आपोआप कमी होत जातो.

जवळ पोचलात की दावं घालायची घाई नको. खांद्यावर हात, थोडं खाजवा आणि निघून या. खरंच निघून या. दुसऱ्या वेळी दावं मानेवर टाका, खाजवा, काढा, निघा. कधी म्होरकी घालून चार पावलं चालवा आणि तिथेच सोडा. कामासाठी धरण्यापेक्षा उगाच धरून सोडणं जास्त वेळा झालं पाहिजे, निदान काही आठवडे. सोडतानासुद्धा पद्धत असू द्या, म्होरकी काढायच्या आधी तिचं तोंड तुमच्याकडे वळवून, काढल्यावर तुम्ही आधी वळा आणि चालू लागा, नाहीतर गर्रकन वळून धूम पळायची सवय लागते आणि त्यात लाथ बसते.

सोपं पडतं म्हणून म्होरकी अंगावर ठेवून रानात सोडायचा मोह होईल. नका करू. खांबात, फांदीत, कधी स्वतःचाच मागचा पाय अंग खाजवताना त्यात अडकतो. अगदीच पर्याय नसेल तर जोर लागला की तुटेल अशी चामड्याची घाला, नायलॉनची नाही.

आणि हो, हे अचानक सुरू झालं असेल तर आधी दुखणं शोधा. खोगीर पाठीला लागतंय का, तंग आवळताना कान मागे जातात का, दात टोचतो का, बघा. दाताला कोपरे येऊन गाल आतून सोलवटतात, म्हणून वर्षाला एकदा तरी दात तपासून घासून घ्यावे लागतात. दुखतंय म्हणून पळत असेल तर वरच्यातलं काहीही उपयोगाचं नाही.

प्रश्न: रोज अंघोळ घालावी का? शाम्पू कोणता?

उत्तर: नाही, आणि कुठलाच नाही. रोज खरारा करा, घाम गाळला असेल त्या दिवशी साधं पाणी मारा, पुसा. तुम्ही धुतल्यावर तो लगेच मातीत लोळणार हे गृहीत धरा, त्याला तेच बरं वाटतं आणि माश्यांपासून तेवढंच संरक्षण.

प्रश्न: आम्ही सकाळ-संध्याकाळ भरपूर चंदी म्हणजे दाणा देतो, गवत थोडंच, कारण गवताने पोट सुटतं असं ऐकलंय. घोडा तब्येतीने ठीक दिसतो पण दाराची लाकडं कुरतडतो आणि सारखा चिडलेला असतो. किती चंदी द्यावी?

उत्तर: तुमचं गणित उलटं झालंय. घोड्याचं पोट म्हणजे जठर त्याच्या अंगाच्या मानाने लहान असतं, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल दिवसभर पाझरत राहतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. ते आम्ल मारायला लाळ लागते आणि लाळ सुटते ती फक्त चघळताना. चंदी दहा-पंधरा मिनिटांत संपते, मग पुढचे कितीतरी तास नुसतं आम्ल. त्यातून जठरात व्रण होतात, म्हणून तो चिडतो, आणि चघळायला काही नाही म्हणून दार खातो. दाराला कडू रंग लावायचा सल्ला कुणीतरी देईल, तो लावून बिचाऱ्याचा शेवटचा उपाय पण काढून घ्याल.

गवत मुख्य, चंदी वरून. रोजचा सुका चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे चारशे किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो, आणि तो दिवसभर पुरवून, रात्रीसुद्धा. चंदी लागतच असेल, काम जास्त किंवा घोडी दुधावर असेल, तर एका वेळी दोन किलोच्या आतच, हवं तर दिवसातून तीन-चारदा. एकदम जास्त दिली तर ती लहान आतड्यात पूर्ण पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि मग पोटदुखी, नाहीतर खुरं सुजणारा लॅमिनायटिस, ज्यातून घोडा पूर्ण बरा होईलच असं नाही. ओला हिरवा चारा एकदम भरपूर मिळाला तरी हेच होतं.

बदल करताना आठ-दहा दिवस घ्या. त्याच्या आतड्यातले जंतूच चारा पचवतात, त्यांना नवीन खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. पाणी कायम पुढे असावं, साधारण पंचवीस ते चाळीस लिटर रोज लागतं, उन्हात आणि कामाच्या दिवसांत त्याहून जास्त. मिठाचा खडा चाटायला ठेवा.

"तब्येतीने ठीक दिसतो" हे डोळ्याने ठरवू नका, हाताने ठरवा. १९८३ मध्ये डॉन हेनेके या संशोधकाने एक ते नऊ गुणांची पद्धत बसवली, तीच आता सगळीकडे वापरतात. मान, आयाळ संपते तिथला उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा जागी हात फिरवून चरबी बघायची. बरगड्या दिसू नयेत पण बोटांना सहज लागाव्यात, ते झालं पाच. वजनकाटा नसेल तर टेप घ्या, छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून कुल्ल्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १७० आणि लांबी १५० असेल तर साधारण ३६५ किलो येतं. जंताचं औषध पण या वजनावरच द्यायचं असतं, अंदाजाने कमी दिलं की जंत औषधाला दाद देईनासे होतात.

प्रश्न: घोडा रात्री पोटाकडे बघतो, पाय आपटतो, लोळतो. डॉक्टर यायला वेळ लागतो. तोवर घरी काय करता येईल?

उत्तर: डॉक्टरांना फोन आधी, बाकी सगळं नंतर. सकाळपर्यंत बघू असं म्हणायचा हा आजार नाही. घोड्याला उलटी होत नाही, जे अडकलंय ते वरून बाहेर येऊ शकत नाही, म्हणून त्याची पोटदुखी आपल्यासारखी नसते.

पुढचं खाणं काढून घ्या. मग तपासा, डॉक्टर फोनवर हेच विचारणार आहेत. नाडी जबड्याच्या हाडाखाली बोट लावून लागते, नाहीतर डाव्या कोपराच्या मागे कान किंवा स्टेथोस्कोप लावा. स्वस्थ मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात, साठच्या वर गेले आणि तिथेच राहिले तर प्रकरण गंभीर. हिरडीवर अंगठा दाबून सोडा, पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या लालभडक, जांभळट किंवा अगदी फिक्या असतील तर तसं सांगा. दोन्ही कुशींना कान लावा, आत गुडगुड ऐकू यायला हवी, अगदी शांत असेल तर ती वाईट खूण. ताप बघा, ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअसच्या मध्ये असला पाहिजे. आणि शेवटची लीद कधी टाकली, कशी होती.

चालवायचं का? उठून लोळायला बघत असेल तर हळूहळू चालवा, लक्ष दुसरीकडे जातं आणि अंगाला लागत नाही. पण रात्रभर दमेपर्यंत ओढत फिरवू नका, आणि तो शांत पडून राहिला असेल तर पडू दे. जोरात लोळणाऱ्या घोड्याच्या पायांजवळ तुम्ही जाऊ नका, दुखण्यात तो कुणाला ओळखत नाही.

तोंडातून तेल ओतायचं नाही. कुणी कितीही छातीठोकपणे सांगू दे. घोड्याच्या तोंडात ओतलेलं फुफ्फुसात जाऊ शकतं आणि मग पोटदुखीऐवजी न्यूमोनियाने जातो. डॉक्टर नाकातून नळी थेट जठरात घालून देतात, ती वेगळी गोष्ट. दुखणं मारायचं इंजेक्शन घरात असेल तरी विचारल्याशिवाय देऊ नका, वरवर बरा वाटेल आणि ऑपरेशनची वेळ निघून जाईल.

बरा असताना त्याची नाडी कधी मोजलीय का? नसेल तर या आठवड्यात रोज मोजा. एक तर तुमचा हात बसेल, आणि त्यालाही जबड्याखाली बोट लावून घ्यायची सवय होईल, नाहीतर नेमकं दुखत असताना पहिल्यांदाच हा प्रकार.

प्रश्न: घोडा दोन वर्षांचा झालाय, अंगाने दांडगा आहे. ओळखीचे म्हणतात आत्ताच बसायला सुरुवात कर, नंतर डोक्यावर बसेल.

उत्तर: दांडगा दिसतो तो मांसाने, हाडं अजून व्हायचीत. पायाच्या खालच्या हाडांची टोकं आधी पक्की होतात, पुढच्या गुडघ्याच्या वरची साधारण अडीच वर्षांत, आणि पाठीच्या मणक्यांची सगळ्यात शेवटी, पाच वर्षं उलटून. तुम्ही बसणार ते मणक्यांवरच. शर्यतीच्या घोड्यांवर दोन वर्षांचे असतानाच बसतात हे खरंय, पण तिथे स्वार हलका असतो आणि त्यांचं अर्थकारण वेगळं. तुम्हाला हा घोडा वीस वर्षं हवाय ना? मग तीनच्या पुढे हलकं बसा, थोडा वेळ, जास्त करून चालीतच, आणि चार-पाचला खरं काम. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत ठेवा, कोवळ्या घोड्याला त्याहून बरंच कमी.

पण म्हणून तोवर नुसतं बांधून ठेवायचं असंही नाही, उलट वाढत्या हाडांना हालचाल लागते, मोकळं फिरणं लागतं. दोरीवर लहान वर्तुळात गोल गोल पळवणं मात्र टाळा, कोवळ्या सांध्यांवर तिरका ताण येतो. शिकवायला कितीतरी आहे की, दाव्यावर तुमच्या खांद्याजवळ चालणं, तुम्ही थांबलात की थांबणं, मागे सरकणं, पाय देणं, बांधून उभं राहणं, पाण्यातून जाणं, ताडपत्रीवर पाय ठेवणं, गाडीत चढणं, पाठीवर गोणपाट आणि पुढे रिकामं खोगीर. हे सगळं झालेल्या घोड्यावर पहिल्यांदा बसता तेव्हा फारसं काही घडतच नाही, आणि तसंच व्हायला हवं. "डोक्यावर बसेल" म्हणणाऱ्यांना सांगा की ते वयावर नसतं, दाव्याला ढील कधी देता त्यावर असतं. दावं ताणलं, तो एक पाऊल आला, की त्याच क्षणी ढील. तो त्या ढिलाईतूनच शिकतो, ताणण्यातून नाही.

प्रश्न: मागचा पाय उचलू देत नाही, हिसका मारून काढून घेतो. नालबंद वैतागलाय.

उत्तर: वरचंच परत. हिसका मारल्यावर पाय सुटतो, म्हणजे हिसका मारण्याबद्दल त्याला बक्षीस मिळतंय. उलटं करा. पायाला नुसता हात लावा, त्याने वजन दुसऱ्या पायावर घेतलं की तेवढ्यावर हात काढा. मग टाच जमिनीवरून उचलली की सोडा. मग दोन सेकंद धरा आणि तो सैल असतानाच तुम्ही खाली ठेवा, त्याने ओढायच्या आधी. हिसका मारलाच तर जमेल तेवढं हातात ठेवा, हिसका थांबला की सोडा, पण अंगावर बेतत असेल तर सोडून द्या आणि पुन्हा सोप्या पायरीपासून. उभं राहायची जागा कुल्ल्याला चिकटून, लांब हातावर नाही, जवळून लाथ बसली तर ढकलल्यासारखी लागते, लांबून बसली तर हाड मोडते. पाय फार उंच आणि बाजूला ओढू नका, विशेषतः वयस्क घोड्याचा, सांधे दुखत असतील तर तो हट्ट करत नाहीये, त्याला खरंच जमत नाहीये. आणि हा सराव रोज तुम्ही करायचा, खुरं साफ करताना. सहा ते आठ आठवड्यांनी एकदा येणाऱ्या नालबंदाने शिकवावं ही अपेक्षा चुकीची आहे, बिचाऱ्याची पाठ आधीच गेलेली असते.

प्रश्न: घोडी पहिल्यांदाच विणार आहे. दिवस भरत आलेत, काय बघत राहू?

उत्तर: सरासरी ३४० दिवस धरा, पण ३२० ते ३६५ मधलं काहीही होऊ शकतं, तारखेपेक्षा कास बघा. सडांवर मेणासारखे थेंब धरले की बहुतेक वेळा एक ते चार दिवस. बहुतेक घोड्या रात्री वितात आणि आसपास गडबड असेल तर थांबवून धरतात, त्यामुळे लांबून लक्ष ठेवा, सगळं घर जमवू नका.

पाणी फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. आधी पांढरट पारदर्शक पिशवी दिसते. तिच्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी दिसली तर वार आधीच सुटलीय आणि शिंगराला प्राणवायू मिळत नाहीये, तेव्हा डॉक्टरांची वाट बघायची नाही, पिशवी फाडायची आणि शिंगरू बाहेर काढायला मदत करायची. हे क्वचित होतं पण झालं तर हातात मिनिटं असतात, म्हणून आत्ताच डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

पुढचं लक्षात ठेवायला सोपं आहे, एक तासात उभं, दोन तासांत दूध, तीन तासांत वार पडलेली. वार पसरून बघा, तुकडा आत राहिला तर घोडीच्या जिवावर बेततं. आणि चीक. घोडीच्या वारेतून पोटातल्या पिल्लाला प्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातूनच यायची, आणि शिंगराचं आतडं ती शोषून घेतं पहिल्या काही तासांतच जास्त, चोवीस तासांनंतर जवळजवळ नाहीच. उभं राहून चाचपडतंय पण सड सापडत नाहीये असं दोन तास चाललं तर डॉक्टरांना कळवा. दुसऱ्या दिवशी रक्त तपासून चीक पुरेसा पोचला की नाही ते कळतं, ती तपासणी करूनच घ्या. पहिली काळी चिकट लीद पडली का तेही बघा.

मग त्या शिंगराला हात कधी लावायचा? लावा की, थोडा, पण आईला तिचं काम करू द्या. आणि हातावर खाऊ देऊ नका, पहिला प्रश्न वाचलात ना.

प्रश्न: मावशी, मी बारा वर्षांची आहे. आमच्या घोड्याला माझं बोलणं कळतं का? मी मनात म्हणते तेही कळतं असं मला वाटतं.

उत्तर: तुला एक खरी गोष्ट सांगते. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या गृहस्थांचा हान्स नावाचा घोडा होता, तो गणितं सोडवायचा, उत्तर खुराने टापा मारून द्यायचा. १९०४ मध्ये तज्ज्ञांनी बघितलं, त्यांना फसवाफसवी सापडली नाही. मग मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट यांनी बारकाईने तपासलं. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही येत नव्हतं! बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची, आणि हान्स ती बघून थांबायचा. ते १९०७ साल होतं. गणित येत नव्हतं त्याला, पण माणूस वाचता येत होता, आणि मला विचारशील तर ते जास्त अवघड आहे.

तेव्हा तू मनात म्हणतेस ते कळतं कारण ते तुझ्या अंगावर उमटतं, खांद्यावर, श्वासावर, हाताच्या मुठीवर. एक करून बघ. दाव्यावर त्याला चालव, तोंडाने काही बोलू नकोस, दावं ओढू नकोस, फक्त श्वास सोडून थांब. बघ तो थांबतो का. मोठं कुणीतरी सोबत असू दे आणि डोक्याला हेल्मेट घाल. आणि बरोबर मागून कधीही जवळ जाऊ नकोस. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळाच्या अगदी पुढचं दिसत नाही.

प्रश्न: जागा लहान, घोडे दोनच, पण लीद इतकी की ढीग हटत नाही. ताजी लीद चरायच्या रानात पसरली तर खत होईल ना?

उत्तर: चरायच्या रानात नको. एक घोडा दिवसाला वीस किलोच्या आसपास लीद टाकतो आणि त्यात जंतांची अंडी असतात, पसरलीत तर त्यातून निघालेल्या अळ्या गवतावर चढून परत पोटात जाणार. उलट रानात पडलेली पण आठवड्यातून दोनदा उचला, जंताच्या औषधाइतकाच त्याचा उपयोग होतो. ढीग एका जागी उंच करा, ओलसर ठेवा, मधून मधून उलटा. आतून इतका तापतो की हात घालवत नाही, त्यात अंडी मरतात, पण कडेचं आत आणि आतलं कडेला केलं नाही तर बाहेरची तशीच राहतात. काही महिन्यांनी काळं, भुसभुशीत, वास न येणारं झालं की भाजीच्या वाफ्यात घाला. ढीग पाण्याच्या टाकीपासून आणि तबेल्याच्या दारापासून लांब असू द्या, माश्या तिथेच होतात.